कॉर्डलेस फोनची बॅटरी: मॉडेल नको, लेबल वाचा

फोन वाजतो, तुम्ही उचलता, आणि पलीकडचा माणूस ‘कसे आहात’ म्हणेपर्यंत हँडसेट दोनदा बीप करून मान टाकतो. परत बेसवर ठेवला की दहा मिनिटांत पडद्यावर बॅटरी फुल्ल. कॉर्डलेस फोन असलेल्या घरात दोन-तीन वर्षांनी ही वेळ येतेच. मग आपण फोन उलटा करतो, मॉडेलचा नंबर वाचतो आणि ‘अमुक मॉडेलची बॅटरी’ शोधायला निघतो. जास्तीचा खर्च होतो तो इथंच. मॉडेलच्या नावानं जे मिळतं ते एकतर कंपनीचा शिक्का असलेलं आणि महाग असतं, नाहीतर मॉडेल बंद झालंय म्हणून मिळतच नाही, नाहीतर ‘शंभर मॉडेलांना चालते’ असं लिहिलेलं, कुणी बनवलं त्याचा थांगपत्ता नसलेलं काहीतरी गळ्यात पडतं.

खरं तर कॉर्डलेस फोनसाठी खास बॅटरी असा प्रकार जवळजवळ नसतोच. झाकणाखाली असतात ते टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो त्या मापाचे दोन रिचार्जेबल सेल, किंवा तसेच दोन-तीन सेल प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वायर आणि पिन लावून केलेला पॅक. आपल्या फोनात यातलं नेमकं काय आहे हे एकदा कळलं, की मॉडेलच्या नावाची गरज उरत नाही.

१. दोष बॅटरीचाच आहे ना?

बॅटरी गेल्याची खूण म्हणजे चार्जिंग चुटकीसरशी पूर्ण होतं आणि बोलायला लागलं की चुटकीसरशी संपतं. सेल जुना झाला की आतलं द्रावण हळूहळू सुकतं आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. फोन नुसता पडून असताना लागणारा थोडासा करंट तो देऊ शकतो. बोलणं सुरू झालं, रेडिओ कामाला लागला, की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि फोनला वाटतं बॅटरी संपली. म्हणून पडद्यावरच्या चित्रावर फार विश्वास ठेवू नका. ते चित्र बहुतेक वेळा फक्त व्होल्टेज बघून काढलेलं असतं.

पण हँडसेट बेसवर ठेवूनही चार्ज व्हायलाच लागत नसेल, किंवा कधी होतो आणि कधी होत नाही असं असेल, तर आधी बेसमधल्या आणि हँडसेटच्या बुडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या बघा. त्यांवर हाताचं तेल, धूळ आणि गंज यांचा पातळ थर बसतो. अडॅप्टर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग शाळेतल्या पेन्सिलीच्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा आणि चुरा झटकून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर घेऊन शेवटचा हात फिरवा. बऱ्याच ‘मेलेल्या’ बॅटऱ्या इथंच जिवंत होतात.

घरात एकाच प्रकारचे दोन हँडसेट असतील तर त्यांच्या बॅटऱ्यांची अदलाबदल करून बघा. दुखणं बॅटरीबरोबर दुसऱ्या हँडसेटमध्ये गेलं तर बॅटरीच दोषी. दुखणं जागेवरच राहिलं तर हँडसेट किंवा बेस दोषी.

अडॅप्टरही तपासा. मी एकदा नवेकोरे सेल आणून घातले तरी फोन चार्ज होईना. दोन दिवस सेल विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बेसच्या मागं हात घातला तेव्हा कळलं, की घर आवरताना तिथं दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राचा कमी व्होल्टचा अडॅप्टर लागला होता. फोनवर बोलता येत होतं, चार्ज मात्र होत नव्हता. बेसच्या बुडाशी छापलेला व्होल्टेजचा आकडा आणि अडॅप्टरवरचा आकडा जुळतो का, एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं. काही जुन्या बेसना एसी देणारा अडॅप्टर लागतो. त्यामुळे नुसते व्होल्ट नाही, पुढचं एसी-डीसीही वाचा.

२. झाकण उघडा आणि जुनं लेबल वाचा

हँडसेटच्या पाठीवरचं झाकण अंगठ्यानं दाबून खाली सरकवा. कप्प्याच्या तळाशी बहुधा प्लस-मायनसची चित्रं आणि ‘फक्त रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड वापरा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असते. काहीही काढायच्या आधी मोबाइलनं एक फोटो घ्या. वायर असतील तर वायर आणि पिन स्पष्ट दिसतील असा. मग बॅटरी बाहेर काढा आणि लेबलावरच्या या गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली गोष्ट म्हणजे आतलं रसायन. ‘एनआय-एमएच’ म्हणजे निकेल मेटल हायड्राइड; आज वापरात असलेल्या बहुतेक फोनांत हेच असतं. ‘एनआय-सीडी’ म्हणजे निकेल कॅडमियम. ते जुन्या फोनांत सापडतं. ‘लाय-आयन’ म्हणजे लिथियम आयन, मोबाइलच्या बॅटरीची बहीण. सडपातळ आणि महागड्या हँडसेटमध्ये असते, उदाहरणार्थ गिगासेटच्या एसएल मालिकेतल्या फोनांत. निकेलवाल्यांचं घराणं एक आणि लिथियमवाल्यांचं वेगळं. त्यांचं चार्जिंग पूर्णपणे निराळं असल्यामुळे या दोन घराण्यांत अदलाबदल करायची नाही, मापानं अगदी चपखल बसत असली तरीही.

दुसरी गोष्ट व्होल्ट. निकेलच्या एका सेलचे १.२ व्होल्ट. म्हणजे २.४ व्होल्ट लिहिलं असेल तर आत दोन सेल आहेत आणि ३.६ असेल तर तीन. ३.७ दिसलं तर तो लिथियमचा एकच सेल. इथं एक फसगत होऊ शकते: काही लिथियम बॅटऱ्यांवरही ३.६ छापलेलं असतं. म्हणून नुसता व्होल्टचा आकडा धरून चालत नाही, रसायनाचं नाव बरोबर वाचावंच लागतं.

तिसरी गोष्ट माप. यासाठी पट्टी घ्या. ट्रिपल ए सेल साधारण ४४.५ मिलिमीटर लांब आणि १०.५ मिलिमीटर जाड असतो. रिमोटमधला बारीक सेल तो हाच. डबल ए साधारण ५०.५ लांब आणि १४.५ जाड. पॅकमध्ये मात्र बुटके सेलही असतात: जाडी डबल ए किंवा ट्रिपल एची, लांबी जेमतेम ३० मिलिमीटर. त्यांना ‘दोन-तृतीयांश’ मापाचे सेल म्हणतात. हे सुटे सहसा मिळत नाहीत, म्हणून पॅकच घ्यावा लागतो.

सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘एचआर०३’ किंवा ‘एचआर११/४५’ असं काहीतरी छापलेलं दिसलं तर घाबरू नका. ही आंतरराष्ट्रीय मानकातली खूण आहे. ‘एचआर’ म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, ‘केआर’ म्हणजे निकेल कॅडमियम, ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन. ०३ म्हणजे ट्रिपल ए आणि ६ म्हणजे डबल ए. ११/४५ हे जाडी आणि लांबीचे मिलिमीटर, पूर्णांकात. नवा सेल घेताना ‘एचआर०३’ ही अक्षरं दिसली की माप आणि रसायन दोन्ही एका झटक्यात पक्कं होतं.

चौथी गोष्ट म्हणजे एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्या क्षमतेचा) आकडा. तोही लिहून घ्या, पण त्याला फार मोठं स्थान देऊ नका. का, ते खाली सांगतो.

३. दोन सुटे सेल निघाले तर तुमचं नशीब चांगलं

जुने सेल सुटे असतील, म्हणजे स्प्रिंगच्या कप्प्यात ठेवलेले असतील, तर फोनच्या कंपनीची बॅटरी शोधायचं कारणच नाही. कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचे ट्रिपल ए निकेल मेटल हायड्राइड सेल चालतील. पाकिटावर ‘डेक्ट फोनसाठी’ असं लिहिलेले सेलही मिळतात. डेक्ट हे आजच्या डिजिटल कॉर्डलेस फोनच्या रेडिओ तंत्राचं नाव आहे, सेलच्या प्रकाराचं नाही. तसं लिहिलेला सेल वाईट नसतो. पण एरवीच्या ट्रिपल एपेक्षा तो महाग असेल तर ते जादा पैसे बहुधा त्या शब्दाचे असतात.

माझी पसंती ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकाराला. साधा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता पडून राहिला तरी काही आठवड्यांत बराच रिकामा होतो. २००५ साली सान्योनं एनेलूप नावाचे सेल आणले, ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवत. पुढं सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि एनेलूपही. आता हा प्रकार अनेक कंपन्या बनवतात. पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं, त्यावरून ओळखा.

कुणी विचारेल, फोन तर दिवसभर बेसवरच बसलेला असतो, मग चार्ज टिकून राहण्याचं काय कौतुक? शंका रास्त आहे. फायदा दुसरीकडे आहे. हे सेल एकंदर मजबूत बांधणीचे असतात, त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो आणि दुकानात सहा महिने पडून राहिले तरी बिघडलेले नसतात. शिवाय हँडसेट पलंगाशेजारी रात्रभर विसरला तर सकाळी जिवंत सापडतो.

एक नियम मात्र पाळा. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे आणि एकाच पाकिटातले बदला. सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एक जुना आणि एक नवा घातला तर जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, आणि जुन्यावर उलटा व्होल्टेज चढून तो कायमचा जातो. पुढं नव्याचंही आयुष्य घटतं.

४. एमएएचचा मोह

नवखा माणूस हमखास फसतो तो इथं. जुन्या सेलवर ५५० लिहिलंय, समोर ११०० लिहिलेला सेल दिसतोय, किंमतही तेवढीच. दुप्पट टिकेल या हिशोबानं आपण तो उचलतो.

मला हे महागात पडून कळलं. मावशीच्या फोनसाठी मी मोठ्या अभिमानानं १४०० एमएएच लिहिलेले, कधी नाव न ऐकलेले सेल आणले होते. चार महिन्यांत मावशीचा फोन आला, तोही शेजारच्यांच्या फोनवरून. ते सेल काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले तर एकाचं वजन १० ग्रॅमसुद्धा भरेना. चांगला, ७५०–८०० एमएएचचा ट्रिपल ए सेल साधारण १२ ते १३ ग्रॅम भरतो. ताकद असते ती आतल्या धातूत. धातू कमी तर ताकदही कमी. तेव्हापासून नवा सेल आला की मी आधी काट्यावर ठेवतो. घरातले हसतात.

ट्रिपल एच्या एवढ्याशा डबीत ११०० एमएएचच्या आसपास निकेल मेटल हायड्राइडची मर्यादा येते. त्याच्या बरंच पुढं, १४००, १८०० वगैरे आकडे दिसले तर तो आकडा छापखान्यातला आहे, बॅटरीतला नाही.

बरं, आकडा खरा असला तरी फोनात फार मोठ्या क्षमतेचा सेल शहाणपणाचा नसतो. डबी तेवढीच ठेवून जास्त माल भरायचा म्हणजे आतला पडदा पातळ करावा लागतो, आणि असे सेल सतत चार्जिंगला लावून ठेवणं कमी सोसतात. कॉर्डलेस फोन नेमकं तेच करतो. एनेलूपच्याच तीन भावंडांचं उदाहरण घ्या. चौथ्या पिढीच्या ट्रिपल ए सेलमध्ये ‘प्रो’ची क्षमता ९०० एमएएचच्या वर, आणि कंपनीचा दावा ५०० वेळा चार्ज करता येण्याचा. साध्या एनेलूपची क्षमता ७५०, दावा २,१०० वेळांचा. ‘लाइट’ची क्षमता जेमतेम ५५०, दावा ३,००० वेळांचा. हे कंपनीच्या चाचणीतले आकडे आहेत, घरात तेवढे निघतीलच असं नाही. पण उतरंड कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट दिसतं. ‘लाइट’ तर कॉर्डलेस फोनसारख्या वापरासाठीच म्हणून विकला जातो.

चार्जिंगच्या वेळेचाही हिशोब आहे. समजा फोन सेलला ६० मिलिअँपिअरनं भरतो. भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून क्षमतेच्या साधारण १.४ पट घालावं लागतं. ६०० एमएएचचा रिकामा सेल मग १४ तासांत भरेल आणि १००० चा २३ तासांत. चार्जिंग ठरावीक तासांनी आपोआप बंद करणारा फोन असेल तर मोठा सेल एका बैठकीत पूर्ण भरतच नाही.

माझा सल्ला असा: जुन्यावर जो आकडा आहे तेवढा किंवा त्याच्या दीडपटीपर्यंत. ५५० असेल तर ५५० ते ८०० मधलं काहीही घ्या. फोनच्या माहितीपुस्तिकेत वरची मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

५. पॅक निघाला तर

वायर आणि पांढरी किंवा काळी प्लास्टिकची पिन असलेला पॅक असेल तर काम थोडं वाढतं. पॅकवर एक नंबर असतो. शोधायचा तो हा, फोनचा मॉडेल नंबर नाही. गंमत म्हणजे एकाच पॅकला अनेक नंबर असतात. व्हीटेकच्या फोनांत आणि व्हीटेकच बनवत असलेल्या एटी अँड टी नावाच्या फोनांत बीटी१६६३४२, बीटी२६६३४२, बीटी१८३३४२, बीटी२८३३४२ असे वेगवेगळे नंबर दिसतात. आत असतो तोच २.४ व्होल्टचा, दोन ट्रिपल एचा पॅक आणि तीच पिन. पॅनासॉनिकच्या जुन्या फोनांतला एचएचआर-पी१०५ हा ३.६ व्होल्ट, ८३० एमएएचचा पॅक. त्याला पर्यायी पॅक इतर कंपन्याही बनवतात. म्हणून एका नंबरानं सापडलं नाही तर ‘या नंबराऐवजी चालणारे नंबर’ शोधा, बरेचदा भलताच स्वस्त आणि ताजा माल हाती लागतो.

पॅकमध्ये चार गोष्टी जुळाव्या लागतात: रसायन, व्होल्ट, आकार आणि पिन. आकार म्हणजे सेल कसे रचलेत तेही. तीन सेल एका ओळीत शेजारी-शेजारी आहेत, की दोन खाली आणि एक वर असा त्रिकोण आहे? कप्पा ओळीचा असेल आणि पॅक त्रिकोणी आला तर झाकण लागणार नाही.

पिनचं प्रकरण फसवं आहे. दिसायला एकसारख्या दोन पिनांमध्ये लाल आणि काळी वायर उलटसुलट बाजूंना असू शकते. लाल म्हणजे प्लस हे बहुतेक पाळलं जातं, पण पिनच्या डाव्या खाचेत लाल येईल की उजव्या, हे बनवणाऱ्यावर आहे. उलटी जोडली तर फोनची सर्किट जळू शकते. म्हणून नवा पॅक लावायच्या आधी जुना आणि नवा पॅक टेबलावर शेजारी ठेवा, दोन्ही पिनांची खाच वरच्या बाजूला करा आणि लाल वायर एकाच बाजूला येते का बघा. मघाशी काढलेला फोटो इथं कामी येतो. मल्टीमीटर असेल तर डोळ्यांवर विसंबूच नका, दोन्हींचं प्लस मोजून घ्या.

जुना पॅक फक्त ट्रिपल ए सेलचा बनलेला असेल तर सुटे सेल आणून आपणच पॅक बांधावा असा विचार मनात येतो. हात बसलेला असेल तरच करा. सेलच्या टोकाला थेट डाग देऊ नका. उष्णतेनं आतलं सील आणि हवा बाहेर सोडणारी झडप खराब होते. पत्र्याच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेले सेल मिळतात, डाग त्या पट्टीला द्यायचा. जुनी पिन कापून वापरणार असाल तर वायर एकेक करून कापा. दोन्ही वायर कात्रीत एकदम धरल्या तर कात्रीच शॉर्ट सर्किट करते, आणि ती ठिणगी बघायला मजेची नसते. पहिल्यांदाच करत असाल तर तयार पॅक घ्या, किंवा पॅक बांधून देणाऱ्या कारागिराकडे जुना नमुना घेऊन जा.

जुन्या निकेल कॅडमियम पॅकच्या जागी निकेल मेटल हायड्राइड चालतो का? व्होल्ट तेवढेच असल्यामुळे, रात्रभर सावकाश चार्ज करणाऱ्या फोनात सहसा चालतो. उलट जुन्या ३०० एमएएचच्या हिशोबानं ठरवलेला मंद करंट नव्या ६०० च्या सेलला सौम्यच पडतो, फक्त पूर्ण भरायला वेळ लागतो. एक-दोन तासांत झटपट चार्ज करणारा जुना फोन असेल तर मात्र हा प्रयोग टाळावा.

६. हे कप्प्यात जाता कामा नये

साधे अल्कलाइन किंवा झिंक-कार्बनचे सेल. माप तेच, प्लस-मायनस तसंच, आणि फोन चालूही होतो. पण बेसवर ठेवला की फोन त्यांना चार्ज करायला बघतो, आणि ते गळतात किंवा फुटतात. काही फोन ही चूक ओळखतात. पॅनासॉनिकचे बरेच हँडसेट ‘रिचार्जेबल बॅटरी वापरा’ असा संदेश दाखवून चार्जिंग नाकारतात. सगळेच एवढे हुशार नसतात.

दुसरी नवी भानगड म्हणजे यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे ‘रिचार्जेबल’ ट्रिपल ए. नावात रिचार्जेबल आहे म्हणून लोक फोनात घालतात. आत लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारी छोटी सर्किट असते. ते स्वतःच्या चार्जरवर किंवा केबलवरच भरायचे असतात, फोनच्या बेसवर नाही. याच मापात १०४४० नावाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. असे दोन म्हणजे ७.४ व्होल्ट, अडीच व्होल्टच्या फोनाला. त्याचा धूरच होईल. निकेल-झिंकचे १.६ व्होल्टवालेही नकोत.

बागेतल्या सौरदिव्यांसाठी विकले जाणारे ट्रिपल ए मात्र खरंच निकेल मेटल हायड्राइडचे असू शकतात. ते घातक नाहीत, फक्त क्षमता बहुधा फार कमी असते. अडीअडचणीला चालतील.

७. विकत घेताना

‘ओरिजिनल’ या शब्दावर भाळू नका. फोनचं मॉडेल दहा वर्षांपूर्वी बंद झालं असेल तर त्याची कंपनीची, सीलबंद बॅटरी म्हणजे दहा वर्षं गोदामात पडलेली बॅटरी. निकेलचे सेल न वापरताही म्हातारे होतात. त्यापेक्षा गेल्या वर्षी बनलेला दुसऱ्या बऱ्या कंपनीचा पॅक कधीही चांगला. बरेच उत्पादक सेलवर किंवा पाकिटावर बनल्याचा महिना-वर्ष किंवा तसा संकेतांक ठोकतात. तो शोधा, सापडला नाही तर विक्रेत्याला विचारा.

ऑनलाइन घेताना चित्रात लेबल वाचता येतं का बघा. वर्णनात पन्नास मॉडेलांची यादी आहे, पण व्होल्ट, रसायन आणि माप कुठंच नाही, असं असेल तर पुढं सरका. पिनचा जवळून घेतलेला फोटो नसेल तर पॅक घेऊ नका. अभिप्राय वाचताना ‘छान आहे, लवकर मिळाली’ वगैरे सोडून द्या. बॅटरीबद्दल पहिल्या दिवशी कुणालाच काही कळलेलं नसतं. सहा महिने, वर्षभरानंतर परत येऊन लिहिणारे दोन-तीन जण सापडले तर त्यांचं ऐका. आणि परत करण्याची मुदत इतकी हवी, की घरी चार-पाच दिवस वापरून बघता येईल.

दोन हँडसेट असतील तर चार सेलचं पाकीट घ्या, नगामागे स्वस्त पडतं. ‘कधीतरी लागतील’ म्हणून बाराचं घेऊ नका. तुलना करताना एका सेलची किंमत नाही, किती वर्षं चालेल त्यानं भागून येणारी किंमत बघा. दुप्पट किमतीचा सेल तिप्पट चालला तर तोच स्वस्त.

८. घरी आणल्यावर

झाकण लावायच्या आधी कप्प्यात पांढरी किंवा हिरवट भुकटी आहे का बघा. असेल तर जुन्या सेलमधून अल्कली गळलेली आहे. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंचित ओली करून स्प्रिंग पुसा, मग अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. भुकटी हाताला लागली तर हात धुवा.

आता सेल घाला, प्लस-मायनस बघून. झाकण बंद करताना वायर चिमटीत येत नाही ना, ते पाहा. काही फोन ‘नवी बॅटरी घातली का’ असं विचारतात, तिथं हो म्हणा. मग फोन बेसवर ठेवा आणि रात्रभर विसरून जा. माहितीपुस्तिकेत १४ किंवा १६ तास लिहिलेलं असतं, ते मघाच्या हिशोबातूनच आलेलं आहे. पहिल्याच चार्जिंगला बॅटरीचं चित्र तासाभरात भरलेलं दिसलं तरी उचलू नका. पहिल्या तीन-चार वेळा ते चित्र अंदाज चुकवतं. सेल हाताला कोमट लागतील, ते ठीक. हात ठेवता येणार नाही इतके तापले तर लगेच काढा. मग एकतर रसायन चुकलंय किंवा सेल सदोष आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्या. हँडसेट बेसवरून उचला, एखाद्या मित्राशी अर्धा तास मनसोक्त बोला, मग बेसवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि वेळ लिहून ठेवा. चांगल्या स्थितीतला डेक्ट हँडसेट सहसा काही दिवस टेबलावर तग धरतो. पुस्तिकेत ‘बोलण्याचा वेळ १० तास’ असं काहीसं दिलेलं असतं. ५५० एमएएचला १० तास म्हणजे बोलताना साधारण ५५ मिलिअँपिअर. यावरून तुमच्या सेलला किती तास मिळायला हवेत ते काढता येतं. निम्म्याहून कमी मिळाले आणि दोन-तीन वेळा चार्ज करूनही तेच, तर परत करा, मुदत आहे तोवर.

मल्टीमीटर असेल तर आणखी एक सोपी तपासणी. पूर्ण चार्ज करून रात्रभर बाहेर ठेवलेला सेल सकाळी १.३ व्होल्टच्या आसपास असावा. पाकिटातल्या चारांपैकी तीन १.३२ दाखवतात आणि एक १.१८, तर तो चौथा नासका.

रोजच्या वापरात फार पथ्यं नाहीत. ‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका’ हा निकेल कॅडमियमच्या जमान्यातला सल्ला. निकेल मेटल हायड्राइडला दर वेळी तसं रिकामं करायची गरज नाही. फोन बेसवर असायला हरकत नाही. मी दिवसा हँडसेट टेबलावर ठेवतो आणि रात्री बेसवर. सतत मंद चार्जिंगच्या उबेनंच सेल सर्वांत जास्त म्हातारे होतात, म्हणून. बेस खिडकीतल्या उन्हात किंवा गरम होणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर नको, तोही याच कारणासाठी. फोन महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत एका खिशात टाकू नका.

मार्करनं सेलच्या अंगावर महिना आणि वर्ष लिहा. पुढच्या वेळी ‘हे मागच्याच वर्षी घातले होते ना?’ यावर घरात वाद होत नाही, आणि कुठला ब्रँड किती चालला ते तुमच्याच हस्ताक्षरात समोर असतं. मावशीच्या फोनातल्या सध्याच्या ७५० वाल्या जोडीला तिसरं वर्ष चालू आहे.

काढलेले जुने सेल कचऱ्याच्या डब्यात नकोत, विशेषतः निकेल कॅडमियमचे. कॅडमियम विषारी धातू आहे. लिथियमचा पॅक असेल तर त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. मग सगळे एका बरणीत साठवा आणि ई-कचरा किंवा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या संकलन केंद्रात एकदम देऊन टाका.